आमच्या ह्यांचा सत्कार

पुण्यात माणूस नकोसा झाला की त्याचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि दोन भाषणं. दुसरं भाषण संपेपर्यंत माणूस माजी झालेला असतो. मी साताऱ्याहून लग्न होऊन आले, मला हे वर्षभरात कळलं. आमच्या ह्यांचा जन्म इथलाच, पण पन्नाशीला टेकले तरी त्यांना कळलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

हे म्हणजे अल्लाबक्ष. सदाशिव पेठेत मिक्सर-कुकर दुरुस्तीचं दुकान. पण तो नुसता धंदा. ओळख विचाराल तर उत्कर्ष क्रीडा मंडळाच्या बास्केटबॉल संघाचा स्टार खेळाडू. गिऱ्हाइकानं विचारावं, "कुकर झाला का?" तर हे सांगणार, "काल आपण जिंकलो." गिऱ्हाईकही पेठेतलंच. ते म्हणणार, "अभिनंदन. कुकर?"

लग्न ठरताना सासूबाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे. रोज पहाटे उठून जातो कुठे, ते मला निकाह झाल्यावर समजलं. नंतर आम्ही विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला, तरी स्कूटर काढून पेठेतल्या मैदानावर जाणं काही सुटलं नाही. उंची बेताचीच, पण लांबून नेम धरला की बॉल जाळीत. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, लोक सांगायचे. मी नुसती मोजे धुवायचे.

आता गुडघे गेले. दोन्ही. घरी जिना उतरताना भिंत धरणार आणि मैदानावर म्हणे डिफेन्स करणार. गेल्या मोसमात समोरचा संघ बॉल घेऊन पळायचा, बास्केट करायचा, परत यायचा, तेव्हा कुठे हे अर्ध्या मैदानात पोहोचलेले असायचे. संघ एकामागून एक सामने हरला. सगळ्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं.

मग मंडळाचे अध्यक्ष नामजोशी सर घरी आले. चहा झाला, पावसाचा अंदाज झाला, आणि हे दुकानात आहेत याची दोनदा खात्री करून सर म्हणाले, "जुबेदाभाभी, अल्लाबक्षभाईंना आता थांबा म्हणून आपणच समजावून सांगा ना. तुमचं ऐकतील."

"सर, माझं ऐकत असते तर पहिल्या वर्षीच थांबले असते."

"अहो, पण आम्ही कसं सांगायचं? वाईट दिसतं."

याच सरांनी एकदा कुकरची शिट्टी नीट होईना म्हणून भर दुकानात ह्यांना सुनावलं होतं, "जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे जाऊ." शिट्टीच्या वेळी वाईट दिसलं नव्हतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. मी बोलले तर ती बायकोची कटकट. संघ बोलला तर तो निरोप. ज्यांच्यासाठी माणूस आयुष्यभर धावला, त्यांनी एक वाक्य तरी तोंडानं बोलावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

सरांनी बोलण्याऐवजी सत्कार केला. हॉल, बॅनर, बॅनरवर ह्यांचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो. "यापुढे अल्लाबक्षभाई मार्गदर्शकाच्या भूमिकेत आपल्याला लाभतील," असं सर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग हे उत्तराला उभे राहिले. म्हणाले, "एवढा मान दिलात. आता अजून पाच-सहा मोसम तरी खेळावंच लागेल." लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या आणि मग एकमेकांची तोंडं बघितली. सरांनी लगबगीनं आभारप्रदर्शन उरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे किट घेऊन मैदानावर हजर. कुणी काही बोललं नाही. पुढच्या दिवशी निरोप आला, मैदान ओलं आहे, सराव नाही. भर मे महिन्यात. त्यानंतर निरोपही नाही आणि खेळाडूही नाहीत. हे एकटेच बॉल टाकायचे, आपणच धावत जाऊन आणायचे. घरी येऊन म्हणायचे, "पोरांना कंपनीत कामं असतील."

आमची लेक मंतशा कॉलेजात आहे. तिनं एक दिवस मोबाइल माझ्यासमोर धरला. संघाचा कॅप्टन सूरज यानं व्हिडिओ टाकला होता. आख्खा संघ कोथरूडच्या एका सोसायटीच्या कोर्टवर सराव करत होता. एका माणसाला नको म्हणायची हिंमत नाही, म्हणून सगळा संघ नदी ओलांडून पलीकडे गेला. माझं डोकंच फिरलं.

सूरज आमच्याच गल्लीतला. शाळेपासून ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून सरावाला गेलेला, आता आयटीत आहे. मी फोन लावला. "सूरज, घरी ये. चाचांना काय सांगायचं ते तोंडावर सांग."

"चाची, ॲक्च्युअली मॅटर थोडं सेन्सिटिव्ह हाय."

"माझ्या घरात आहे ना, मग मला ठाऊक आहे. ये."

रविवारी संध्याकाळी आला. येताना पेढे आणले, कशाबद्दल ते त्यालाच माहीत. खारी खाल्ली, चहा घेतला, क्रिकेट झालं, विमाननगरचं ट्रॅफिक झालं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, जागची हलले नाही. बोल ना बाबा, एकदाचं बोल.

शेवटी हेच बोलले. "कोथरूडचं कोर्ट फरशीचं आहे सूरज. पाय सरकतो. तुझा घोटा आधीच दुखरा आहे, पट्टी बांधतोस का?"

सूरजनं कप खाली ठेवला. "चाचा, तुम्ही बघितलं?"

"पहिल्याच आठवड्यात. मैदान ओलं कुठलं, चांगलं खडखडीत होतं. विचारत विचारत तिकडे आलो. गेटबाहेर स्कूटर लावून उभा होतो. छान धावता रे आता. माझ्यासाठी थांबावं लागत नाही."

मला राहवलं नाही. "अहो, ठाऊक होतं, मग रोज त्या रिकाम्या मैदानावर कशाला जात होता?"

"म्हटलं, कुणीतरी येऊन सांगेल."

मंडळाचा राग होताच, पण या माणसाला मी भोळा समजत आले, त्याची मला लाज वाटली.

सूरजची मान खाली होती. मग म्हणाला, "चाचा, तुम्ही आता टीममध्ये नाही. तुमच्यामुळं आपण हरत होतो."

"हां," हे म्हणाले. "एवढंच होतं बघ."

त्याच्या खांद्यावर हात ठेवून उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं रडण्याचा आवाज आला. सासूबाई गेल्या तेव्हाही मी तो ऐकला नव्हता.

सूरजचे डोळे भरले. "चाची, मी चुकीचं बोललो का?"

"नाही रे. उशिरा बोललास."

तो चपला घालायला उठला. मी त्याचा हात धरून परत बसवलं. म्हटलं, "आता जाऊ नकोस. ते बाहेर येतील तेव्हा इथं संघातलं कुणीतरी असायला हवं."