‘तक्रार नाही’ असं मी लिहायचे

मी आखातातल्या एका कामगार कॅम्पच्या दवाखान्यात नर्स आहे. आमचा कंत्राटदार तेलाच्या टाक्यांचा गंज काढून रंग देण्याची कामं घेतो. गंज काढणारे ब्लास्टर बहुतेक आपल्या कोकणातले. दाबाच्या हवेने वाळू मारायची आणि उडेल ती धूळ छातीत घ्यायची. "मास्क असतो हो ताई," म्हणतात. असतो ना, गळ्यात!

दरवर्षी तपासणीच्या सकाळी हे वीर ज्येष्ठमध चघळत रांगेत उभे. खोकला कागदावर आला की घरी पाठवतील, ही भीती. "ताई, तेवढं लिहू नका," म्हणून हात जोडायचे. मला दया यायची. मी लिहायचे, ‘तक्रार नाही’. वर पुण्य केल्यासारखं वाटायचं. मूर्ख कुठली!

यंदा रत्नागिरीकडच्या एका ब्लास्टरला दोन पायऱ्या चढवेनात. मोठ्या हॉस्पिटलने सांगितलं, फुप्फुसात धूळ बसली आहे, आयुष्यभर उपचार लागतील. हा आजार कामामुळे झाला असं ठरलं, तरच ते उपचार त्याला मिळणार होते. कंत्राटदाराच्या ऑफिसने उत्तर दिलं, सात वर्षांत याने एकदाही तक्रार केलेली नाही, आजार गावाहून आणला असेल. माझं डोकंच फिरलं. पण फाइलमधलं अक्षर माझं होतं.

आमचा सेफ्टी ऑफिसर अमेरिकन. तरुणपणी सैनिक म्हणून याच वाळवंटात होता. तेव्हा छावणीचा कचरा उघड्या खड्ड्यात जाळायचे आणि हे बाजूलाच जेवायचे. आता त्याला दमा आहे. त्यांच्या देशात कायदा झालाय म्हणे. तुम्ही इथे सैन्यात होतात आणि यादीतला आजार झाला, एवढं दाखवलं की बास. धूर तुमच्याच छातीत गेला, हे सिद्ध करत बसायला लागत नाही. बरं झालं, मिळायलाच हवं त्याला. पण वाळवंट तेच, छाती माणसाचीच, मग आमच्या ब्लास्टरनेच का पुरावे शोधत फिरायचं?

यंदाच्या तपासणीच्या सकाळी मी कागद ओढला. ‘सातही वर्षं याला खोकला होता. मला माहीत होतं. मी खोटं लिहिलं.’ डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, लायसन्स जाईल." म्हटलं, जाऊ दे.

ब्लास्टर समोरच बसला होता, धापा टाकत. "ताई, मीच लिहायला लावलं असं घाला."

"गप्प बस. पेन माझ्या हातात होतं."

मी सही केली, तारीख घातली आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. मग दार उघडून तपासणीच्या रांगेतल्या पहिल्या माणसाला आत घेतलं. तोंड घट्ट मिटून, छाती धरून उभा होता बिचारा.

"खोकला येतोय ना?" मी म्हटलं. "मग खोक. माझ्यासमोर खोक, मी लिहितेय."