आधी चेसिस

कॉम्प्युटर जोडताना पेटी, म्हणजे कॅबिनेट, सगळ्यात शेवटी घ्यायची असते, एवढं मला कळत होतं. पण चाचा ती सायकलच्या कॅरिअरला बांधून घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढचा सगळा वैताग त्या पेटीनं आणला.

चाचा माझे नात्यानं कोणी नव्हेत. मी सांगलीकडचा, जत तालुक्यातल्या एका वाडीचा. आठवीत शाळा सोडली आणि एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. त्या ड्रायव्हरनं मला धाब्यावर जेवायला उतरवलं आणि मी हात धुऊन येईपर्यंत गाडी घेऊन निघून गेला. शेजारी मिरचीची गाडी उभी होती, नंदुरबारची. तिच्या ड्रायव्हरनं, म्हणजे चाचांनी, तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं, "कहां का रे तू?" मी म्हटलं, "सांगली." "चढ मग, सांगली." तेव्हापासून माझं नाव सांगली. नंदुरबारला त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत राहतो, चाचीच्या हातचं खातो. घरात ते हिंदी बोलतात, बाजारात अहिराणी, आणि माझ्याशी दोन्हीची भेसळ करून. गाव इतकं लांब राहिलं की आता मीही कधी कधी 'आहे' म्हणायच्या जागी 'शे' म्हणून जातो आणि मग एकटाच ओशाळतो.

क्लीनरची कामं त्यांनी मला पहिल्याच फेरीत शिकवली. ड्रायव्हरला डावीकडचं दिसत नाही, म्हणून डावी बाजू तुझी. गाडी मागे घेताना पत्र्यावर दोन थापा म्हणजे येऊ दे, एक थाप म्हणजे थांब. आणि चढावर गाडी बंद पडली तर विचारायचं नाही, उडी मारायची आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. रेशनचं धान्य घेऊन तोरणमाळ चढताना एकदा खरंच बंद पडली. मी दगड लावला, आणि तो नीट बसला की नाही या भीतीनं स्वतःच चाकामागे उभा राहिलो. चाचा खाली उतरले, माझ्या कानाखाली एक वाजवली आणि म्हणाले, "दगड लावाले सांगं व्हतं. तुले नही."

मग त्यांचा डावा गुडघा गेला. क्लच दाबता येईना. गाडी विकली आणि मी एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. चाचा रोज सकाळी बायपासवरच्या टपरीवर जाऊन बसायचे, रस्त्याकडं पाठ करून. गाडी गेली की आवाजावरून सांगायचे, खाली आहे का भरलेली, गिअर उशिरा टाकला का वेळेवर. टपरीवाला आधी हसायचा, मग तोही कंटाळला.

एक दिवस दुकानात बसल्या बसल्या मी त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कोणीतरी कॉम्प्युटरवर ट्रक चालवत होता. समोर खरं स्टिअरिंग, पडद्यावर आपल्याकडचा रस्ता, आडवी आलेली म्हैससुद्धा. चाचांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तो संपेपर्यंत डोळा हलवला नाही.

"हाई माले चालाडता येई का?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, येईल की. म्हटलं खरं. मला फोनचा पडदा बदलता येतो, चार्जिंगची पिन बदलता येते. कॉम्प्युटर मी आतून कधी बघितला नव्हता. पण चाचांच्या हिशेबी जो पाना हातात धरतो त्याला सगळंच येतं.

तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून सुटे भाग घेऊन जोडायचं ठरलं. मी व्हिडिओ बघायला लागलो आणि डोकं फिरायची वेळ आली. एक जण म्हणायचा, हाच प्रोसेसर घ्या, डोळे झाकून. दुसरा म्हणायचा, हा घेतलात तर रडाल. खाली लोक एकमेकांच्या आईबापापर्यंत पोचलेले. ग्राफिक्स कार्ड वेगळं घ्यावं की प्रोसेसरमध्येच आहे त्यावर भागवावं, यावर तर कोणाचंच एकमत नाही. जुनं कार्ड घेऊ नका, ते रात्रंदिवस जाळलेलं असतं. जुनंच घ्या, नव्यात लूट आहे. सगळ्यांच्या तोंडी एक शब्द मात्र सारखा, बॉटलनेक. म्हणजे एक भाग ताकदीचा आणि दुसरा रडका असला की ताकदीचा भाग फुकट जातो. मी हे चाचांना दोनदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे इंजिन बैल का और टायर बकरी के. आगे बोल."

त्यात रॅम महागली. आज पाहावी तो एक भाव, आठवड्यानं वेगळाच. मी घाबरून म्हटलं, घेऊन टाकू. चाचांनी आयुष्यभर मिरची वाहिली आहे. ते म्हणाले, "थांब, उतरी जाई. आवक वाढनी की भाव पडस." इथं सगळे असंच बोलतात. वाळवणाच्या पथारीवर लाल मिरची पसरली की भाव पडणार, हे पोरासोरांनाही ठाऊक. मी थांबलो. रॅमची आवक काही वाढली नाही. जी घ्यायची होती तिच्या निम्मीवर येऊन बसलो, आणि चाचा वर म्हणाले, "औंदा पीक कमी व्हई."

आणि अशातच ती पेटी आली.

भंगारात कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसचा माल आला होता. त्यातली आडवी, चपटी पेटी. चाचांनी ती ओट्यावर ठेवली, बोटाच्या पेरानं वाजवली, उचलून वजन बघितलं, कोपऱ्यांवर गंज आहे का ते नखानं खरवडून बघितलं.

"चेसिस लई उनू मी, सायकलवर. पत्रा दख, कसा जाड शे! आजकालना डबा म्हंजे पापड."

त्यांचं चूक नव्हतं. ट्रक असाच घेतात. आधी चेसिस येतं, उघडं. ड्रायव्हर लाकडी पेटीवर बसून ते चालवत आणतो, मग इथला मिस्त्री त्यावर बॉडी बांधतो. चेसिस दणकट तर गाडी दणकट. त्यांनी आयुष्यातली प्रत्येक गाडी तशीच उभी केली होती. पण कॉम्प्युटरची पेटी म्हणजे चेसिस नव्हे. ती बॉडी. त्या चपट्या बॉडीत नेहमीच्या उंचीचं ग्राफिक्स कार्ड मावणार नव्हतं, आणि कार्डाला पुरेल एवढी पॉवर सप्लायही नाही.

चाची दारात उभी होती. पेटी बघून म्हणाली, "आटा रखूं क्या इसमें?"

चाचा म्हणाले, "तू सांग रे, सांगली. कसं शे?"

"मजबूत आहे," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

मग मी त्या पेटीत बसेल असं बुटकं कार्ड शोधायला लागलो. जिथं मिळायचं तिथं दुप्पट महाग आणि निम्म्या ताकदीचं. विचारायला फोन केला की दुकानदार आधी विचारायचे, बुटकं कशाला? आता त्यांना काय सांगू? माझ्या आश्रयदात्यानं पत्रा जाड म्हणून पेटी घेतली आहे? जेवताना चाचा रोज विचारायचे, "इंजिन मिळनं का?" आणि मी रोटीचे नुसते तुकडे करत बसायचो. चाची माझ्याकडं बघून म्हणायची, "इसको रोटी मत दो, रॅम दो." मला हसू यायचं नाही.

शेवटी सुरतेला गेलो. आमच्याकडून बाजार म्हणजे सुरतच. दुकानदाराला पेटीचा फोटो दाखवला तर त्यानं तो आतल्या माणसालाही बोलावून दाखवला. "बॉस, ये गेमिंग का नहीं, बैंक का डिब्बा है." बुटकं कार्ड त्याच्याकडं एकच होतं, आणि ते घेतलं तर स्टिअरिंगला काही उरत नव्हतं. मी बोर्ड, प्रोसेसर, निम्मी रॅम, नेहमीच्या उंचीचं जुनं कार्ड आणि मोठी पॉवर सप्लाय घेतली. साधं दोन पायडलचं स्टिअरिंग आणि एक लहान जुना पडदा घेतला. पेटी नंतर नवी घ्यायची, स्वस्तातली, आणि चाचांना काय सांगायचं ते परतीच्या गाडीत ठरवायचं. खोकं मांडीवर घेऊन मी वाक्यं जुळवत बसलो. नंदुरबारच्या अलीकडचं खांडबारा आलं तरी एक वाक्य धड जुळलं नव्हतं. प्रत्येक वाक्य 'चाचा, तुमची पेटी' असं सुरू व्हायचं आणि तिथंच बसायचं.

घरी आलो तर चाचांनी पेटी पॉलिश पेपरनं घासून लाल रंगवून ओट्यावर वाळत ठेवली होती. मागच्या बाजूला काळ्या कापडाची चिंधीही बांधली होती, नजर लागू नये म्हणून, गाडीला बांधायचे तशी. आता बोला!

मी सरळ कामाला लागलो. खिडकीच्या गजाला सारखा हात लावत, अंगातली वीज उतरवत, बोर्ड आत बसवला. तो बसला. कार्ड लावलं तर ते पेटीतून बोटभर वर आलं. झाकण तिरकं ठेवून बघितलं, दाबून बघितलं. वेड्यासारखं परत काढून परत लावलं, जणू दुसऱ्यांदा ते लहान होणार होतं. चाचा शेजारी पाय लांब करून बसलेले. म्हणाले, "जरा जोर लाव."

आणि माझा तोल गेला.

"जोर लावून काय होतंय? ही पेटी नाही चालत! बघितल्या दिवशीच दिसत होतं मला. भंगार आहे नुसतं, रंग देऊन काय होणार?"

चाची स्वयंपाकघरातून बाहेर आली. मला वाटलं, झालं. बाहेरची खोली, चाचीच्या हातची रोटी, सांगली हे नाव, सगळं मी एका वाक्यात घालवलं. मी हात कार्डावरून बाजूला घेतले.

चाचा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "पहिलेच कसाले नही सांगं?"

मी झाकण उचलून बाजूला ठेवलं. चाचा पुढं म्हणाले,

"टायर बैठता था तो तू इतना चिल्लाता था के पीछे की गाडी भी रुक जाती थी. मेरे को कभी लिहाज नहीं किया. अब क्या हुआ?"

"तुम्ही आणली होती," मी म्हटलं.

"गाडी भी मैं ही लाया था."

चाची म्हणाली, "दोनों एक जैसे हो," आणि आत गेली. 

चाचांनी पेटी पुढं ओढली. झाकण उघडं, कार्ड वर आलेलं. त्यांनी ते आडवं-उभं न्याहाळलं. मग प्रत्येक नव्या गाडीला म्हणायचे ते वाक्य आलं. "चेसिस चांगलं शे. बॉडी आपन बांधसूत."

मला परत चिडायचं होतं, पण त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही ती पेटी ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या मिस्त्रीकडं नेली. भाग सगळे मी काढून घरी ठेवले होते, तरी त्यानं वेल्डिंगचा चिमटा उचलला की माझा जीव वर यायचा. मिस्त्री म्हणाला, "चाचा, किती टनी?" चाचा म्हणाले, "ओव्हरलोड चाली." त्यानं झाकण कापलं, कडेनं पट्ट्या लावून ते वर उचललं आणि हवा जायला भोकं पाडली. मोठी पॉवर सप्लाय आत मावतच नव्हती, म्हणून तिला टपावर स्टेपनीसारखी पट्टीनं आवळायची जागा केली. व्हिडिओवाल्यांपैकी कोणी ते बघितलं असतं तर आठवडाभर हसला असता.

पण चालू झाला. पहिल्या बटणाला नाही, तिसऱ्यांदा. तोवर मी कोणकोणत्या देवाला काय काय बोललो ते लिहीत नाही. 

चाचांनी खुर्ची पुढंमागं केली, आरसा नसलेल्या ठिकाणी आरसा सारखा करायला हात नेला, आणि खाली बघितलं.

"क्लच कोठे शे?"

हे भ्यायचं राहूनच गेलं होतं. "त्यात... येत नाही," मी म्हटलं. "तीन पायडलचं महाग होतं."

चाचांनी डावा पाय उचलून हळूच स्टुलावर ठेवला. उजव्यानं पायडल दाबलं आणि पडद्यावरची गाडी हलली.

रॅम निम्मी, त्यामुळं चित्र मधूनच अडखळत होतं. झाडं उशिरा उगवत होती. मी दर अडखळण्याला मनातल्या मनात दात खात होतो. चाचा मात्र एका लयीत चालवत होते, पुढच्याला वाट देत, वळणाआधीच वेग उतरवत. पहिला माल पोचला. तो गोदामात लावायला गाडी मागे घ्यायची होती. पडदा लहान, डावा आरसा त्यात कोपऱ्यात कुठंतरी, आणि डावा आरसा चाचांनी आयुष्यात कधी बघितलाच नव्हता. ते थांबले. मान न वळवता म्हणाले, "सांगली, दख."

मी डावीकडंच बसलो होतो. पडद्याच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. "येऊ द्या," मी म्हटलं. "येऊ द्या, येऊ द्या, जागा आहे." आणि हात आपोआप गेला. पेटीच्या लाल पत्र्यावर दोन थापा.

टपावरची पॉवर सप्लाय सरकली, कुठलीतरी वायर सुटली आणि पडदा काळा झाला.

मी हात तसाच हवेत धरून बसलो. इतके महिने खपून, आणि मीच. चाची दारात येऊन उभी राहिली. चाचांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. काळ्या पडद्याकडं बघत, आवाज जराही न चढवता, ते म्हणाले,

"बठना काय रे? खाले उतर, दगड लाव."