सावरपेठेतला तिचा नवरा

शोभा गेल्याची बातमी नातेवाइकांना मी फोन करून सांगितली. सावरपेठेला मात्र ती तिच्याच मोबाइलवरून, लिहून आणि कंसात कळवावी लागली. सावरपेठ नकाशात सापडायची नाही. पंधरा-वीस माणसांनी फोनवर लिहून लिहून वसवलेलं ते गाव आहे. प्रत्येकाने त्या गावातलं एक माणूस व्हायचं, त्याच्यासारखं बोलायचं-वागायचं, त्यावर दुसऱ्याने आपल्या माणसाचं लिहायचं आणि अशी गोष्ट पुढे सरकत राहते. गोष्टीबाहेरचं, म्हणजे खऱ्या जगातलं काही सांगायचं असेल तर ते कंसात. म्हणून मी लिहिलं, "(शोभा आज सकाळी हृदयविकाराने वारली. — तिचा नवरा.)" मग पहिला निरोप आला तो यशवंताचा : "(काका, आता मी काय करू?)" यशवंत म्हणजे सावरपेठेतला शिंपी. शोभा तिथे इंदू होती, खानावळ चालवायची, आणि यशवंत हा इंदूचा नवरा. हॉलमध्ये माणसं जमलेली, मुलगी बेंगळुरूहून निघालेली, आणि माझ्या मनात आलं ते हे, की माझ्या बायकोच्या जाण्याने आणखी एक माणूस विधुर झालाय आणि तो मलाच सल्ला विचारतोय... मला ते मुळीच आवडलं नाही. आज काही आठवडे झाले तरी आवडत नाही.

शोभा कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, सहलीला जातात. ही कुठल्याशा लेखनाच्या ग्रुपमध्ये गेली. तिथे एका गृहस्थांनी रागाच्या भरात दुसऱ्या एका बाईंचं पात्र न विचारता नदीत बुडवून टाकलं. त्या बाई खरोखरच्या रडल्या, जेवल्या नाहीत. शोभाने ते मनाला लावून घेतलं आणि पाच-सहा जणांना घेऊन बाहेर पडली. आधी नियम, मग गाव, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर ते नियम झाले. बाकीचे फोनवर लिहून कळवत होते, ही वही-पेन घेऊन बसलेली, आणि मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो, निदान पेपर धरून होतो. आपल्या माणसाचंच लिहायचं, दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, हा पहिला. दुसऱ्याच्या माणसाला मारायचं नाही, जखमी करायचं नाही, त्याचं लग्न लावायचं नाही, आधी कंसात विचारायचं. कोण कुठला, काय करतो, खरं नाव काय, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. कोणाला काही दिवस लिहिणं जमणार नसेल तर त्याचं माणूस परगावी गेलं असं समजायचं, बाई असेल तर माहेरी, आणि कारण काढायचं नाही. मध्येच कोणीतरी तावातावाने लिहिलेलं तिने मोठ्याने वाचलं तेव्हा मी बाहेरून म्हणालो, की राग आला तर आधी चहा प्या म्हणावं आणि मग लिहा. तोही नियम झाला. सगळ्या सावरपेठेत तो आजही 'काकूंचा चहाचा नियम' म्हणून प्रसिद्ध आहे. माझं नाव कुठेही नाही.

नियम करण्याचा तिचा उत्साह मला समजत होता, तिचं सगळं आयुष्य गृहीतं आणि सिद्धतांमध्ये गेलेलं. कळत नव्हता तो यशवंत. दुपारची चारची वेळ झाली, की ही आतल्या खोलीत खिडकीजवळ जाऊन बसायची आणि थोड्या वेळाने हसायला लागायची. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायची, यशवंताने पाटलांचा सदरा उलटा शिवला. यात इतकं हसण्यासारखं काय होतं हे मला अजून समजलेलं नाही. मी खांद्यावरून डोकावून वाचायचो. इंदू शिव्या द्यायची. इंदूला पोहता यायचं, आणि आमच्या शोभाने तर समुद्रात कधी घोट्याच्या वर पाय भिजवला नाही. इंदू सकाळी उठून नवऱ्याला म्हणायची, आज खानावळ बंद, चल कुठेतरी जाऊ. आणि तो मेला लगेच दुकान बंद करून निघायचा! मला बँकेत रजा मागायला लागायची, तेव्हा असं चल म्हणणं तिला सुचलंच नसेल, किंवा सुचलं असेल आणि तिने ते ठेवून दिलं असेल. ते ठेवलेलं सगळं त्या शिंप्याला मिळालं याचा मला राग येत असे. एकदा न राहवून मी विचारलंच, त्याच्यात असं आहे तरी काय.

"अहो, तो काल्पनिक आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर त्याला दोष नाहीत. मी खरा पडलो."

"दोष त्यालाही आहेत. पण ते सुधारायचे नाहीत असा नियम आहे, म्हणून निवांत वाटतं. तुमचे सुधारता सुधारता दमले मी."

एवढं बोलून ती पुन्हा लिहायला लागली. घरातल्या गोष्टीही ती हळूहळू कंसात बोलायला लागली होती. "कंसात सांगते, गॅस संपलाय." मी म्हटलं, म्हणजे आमचा संसार कंसात आणि तुझं खरं आयुष्य बाहेर. त्यावर ती हसली नाही. कपाळाला आठी घालून म्हणाली, की दोन्हींची काळजी मलाच घ्यावी लागते ना.

एकदा तिचा फोन हातातून पडून फुटला. बुधवार पेठेतल्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं. घरी परत येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून ती अस्वस्थ, कारण तिकडे खानावळीत वऱ्हाड जेवायला बसलेलं. शेवटी माझ्या फोनवर तिचं खातं उघडून तिने लिहायला घेतलं, चष्मा सापडेना म्हणून मला सांगून लिहायला लावलं. तिने वाढप सांगितलं, मी लिहिलं. ती पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात, त्या दिवशी मदतीला म्हणून भाजी केलेल्या यशवंताने विचारलं, कशी झालीये माझी भाजी? मी लिहून टाकलं, "खारट. तू आपला शिवत बस." इंदूच्या तोंडी. माझ्या मते वाक्य चांगलं होतं, गावाने त्यावर हसण्याच्या चित्रांची रांग लावली. पण शोभाने बाहेर येऊन वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने सगळ्या गावाची कंसात माफी मागितली आणि मला म्हणाली, "इंदू माझी आहे. तिच्या तोंडी शब्द तुम्हीसुद्धा घालायचे नाहीत." इतक्या वर्षांत ती माझ्याशी इतक्या शांतपणे कधी भांडली नव्हती. त्या दिवसापासून तो शिंपी मला जास्तच खुपायला लागला, कारण त्याला तिच्याशी बोलायचे नियम माहीत होते आणि मला नव्हते.

तेरावा झाल्यावर सावरपेठेतली चार माणसं आमच्याकडे भेटायला आली. सगळी पहिल्यांदाच एकमेकांना प्रत्यक्ष बघत होती. त्यांच्यात एक उंच, भरघोस मिशांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ होते. मी मनाशी ठरवलं, हाच तो. त्यांना मी चहाही विचारला नाही, बाकीच्यांना विचारला. थोड्या वेळाने कळलं, की ते तिथली गंगू गवळण होते. यशवंत दाराजवळच्या खुर्चीत बसला होता. पल्लवी नावाची, तिशीची, अमरावतीकडची मुलगी, हिंजवडीत आयटीत नोकरीला. डोळे रडून सुजलेले. मग मी विचारलं, शोभाला माहीत होतं का, यशवंत बाई आहे ते?

"नाही काका. विचारायचं नाही, असा रूल होता ना."

म्हणजे तो दिलासाही नाही. शोभा त्याला पुरुषच समजत असणार... की तिने ओळखलं होतं? आता ते कोणाकडूनच कळायचं नाही.

ते आले होते ते इंदूचं काय करायचं हे विचारायला. कोणी कायमचं गेलं तर त्याच्या माणसाचं पुढे काय, हे त्याच्या घरच्यांनी ठरवायचं, असाही नियम शोभाने करून ठेवला होता. पल्लवी म्हणाली, तुम्ही म्हणाल तर गावात इंदूचा मृत्यू लिहू, सगळं गाव सुतक पाळेल. नाहीतर ती आहे तशी राहू दे, कोणी तिच्यावर लिहिणार नाही, पण ती घरात आहे असं आम्ही धरून चालू. इंदू मेली तर तिच्यासाठी रडायचा मान यशवंताला, आणि तिच्यासाठी रडणारा दुसरा नवरा मला नको होता. इंदू जिवंत राहिली तर त्याच्या घरात बायको, आणि माझ्या घरात हार घातलेला फोटो. तेही मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, मलाच गावात घ्या, मग बघू. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका, एका घरातले दोघं घ्यायचे नाहीत, असं काकूंनीच ठरवलं होतं. घरची भांडणं गोष्टीत येतात म्हणून," पल्लवी चाचरत म्हणाली.

"या घरात आता एकच माणूस आहे," मी म्हणालो.

मिशीवाल्या गवळणीने खिशातून रुमाल काढला. मी उठून त्यांच्यासाठीही चहा टाकला.

नव्या माणसाला लहानसं काम द्यायचं असतं. त्या वेळी गावात एसटी स्टँडवर कंट्रोलरची जागा रिकामी होती, ती मला मिळाली. इंदूचं मी ठरवलं ते असं, की ती माहेरी गेलीय. कारण कोणी काढायचं नाही. दुपारी चार वाजता मी आतल्या खोलीत खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसतो. खुर्ची माझ्या उंचीला ठेंगणी आहे, गुडघे वर येतात, पण बदललेली नाही. त्या वेळेला तिच्या माहेरची गाडी स्टँडला लागते. यशवंत दुकान बंद करून रोज येतो आणि विचारतो, साहेब, गाडीने कोणी आलं का? मी लिहितो, "गाडी आली. इंदूबाई उतरल्या नाहीत." तो बाकावर थोडा वेळ बसतो आणि जातो. गाडीतून कोणाला उतरवायचं आणि कोणाला नाही हे कंट्रोलरच्या हातात असतं, आणि हा अधिकार मी कोणाला देणार नाही. गेल्या आठवड्यात पल्लवीने न राहवून कंसात लिहिलं, "(काका, एक दिवस तरी येऊ द्या ना तिला.)"

मी नियमाप्रमाणे आधी चहा प्यायलो. मग लिहिलं, "(आधी माझ्याकडे येऊ दे.)"