धुतलेलं सोयाबीन

लातूरला आमच्या छोट्या कारखान्यात आम्ही मशीनवर सोयाबीनपासून मटणासारखे तुकडे बनवतो. त्या दुपारी पहिला घाणा तळून झाला होता आणि चाखायला बोलावलेल्या बायका ताटाभोवती बसल्या होत्या. सोयाबीन माझ्या वडिलांनीच रेणापूरहून आणून दिलं होतं. टपोरं, धुऊन वाळवलेलं. धुतलं कशाला, हे विचारायची अक्कल मला नव्हती.

रिकामं पोतं झटकलं, तर शिवणीतून एक गुलाबी दाणा पडला. मी वडिलांना फोन लावला.

“आबा, हे सोयाबीन कुठलं?”

“पेरून उरलेलं बियाणं हाय, लई भारी. बुरशी लागू नये म्हणून गुलाबी औषध लावलेलं होतं. तुझ्या मशीनला रंग लागंल म्हणून तीन पाण्यानं धुतलं.”

एकीनं तुकडा ओठांपर्यंत नेला होता. मी तो हिसकावला, ताट मोरीत उलटं केलं आणि फोनवर ओरडले, “आबा, विष हाय ते! बायका खायला बसल्या होत्या!”

वडील पंचवीस वर्षं सोयाबीन पिकवतात. दरवर्षी सगळं आडतीवर जातं, मूठभरही घरात राहत नाही. ते घाबरले नाहीत, गोंधळले.

“खायला?” ते म्हणाले. “सोयाबीन कोण खातंय गं?”