उभ्या गाडीची काजळी

वीस वर्षं गॅरेज चालवलं, पण काजळीची किळस काही गेली नाही. ग्रीस चालतं, जळकं ऑइल चालतं, डिझेलचा वास तर आवडतो म्हणा ना. डिझेल इंजिनाच्या पोटातली ती ओली, चिकट काजळी बोटाला लागली की मात्र अंगावर शहारा येतो. धुऊन जात नाही. नखांत राहते, भाकरीला लागते, सकाळी नाक शिंकरलं तरी तीच. त्यामुळे सांगलीहून सासऱ्यांचा फोन आला, "पाव्हणं, गाडी वढंना झालीया, वाईच येऊन बघा," तेव्हा मी मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि सातारा स्टँडवर जाऊन सांगलीची एसटी धरली.

गाडी माझ्या मेहुण्याची. तो जर्मनीत नोकरीला. मधे दोन वर्षं पुण्याला बदलून आला तेव्हा तिकडची डिझेल मोटार बरोबर घेऊन आला, आणि परत जाताना बापाच्या दारात लावून गेला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तशी दुसरी गाडी निदान मी तरी सांगलीत पाहिली नव्हती. सासरे जन्मभर हळदीच्या पेठेत तोलाईदार. पोतं काट्यावर चढवायचं आणि वजन सांगायचं, एवढंच काम. पण त्यांनी सांगितलेल्या वजनावर ना शेतकरी शंका घ्यायचा, ना व्यापारी. त्या माणसाच्या दारात आता परदेशी गाडी उभी होती आणि पेठेतली माणसं वाट वाकडी करून ती बघायला यायची.

मेहुणा सुट्टीवर यायला आठ दिवस राहिले होते. फोनवर तो बापाला म्हणाला होता की गाडी धड चालत असली तर राहू दे, नाहीतर तुमच्याच्यानं होत नाही असं समजून मी तिची सोय लावतो. सासऱ्यांनी मला चहाही विचारायच्या आधी हे सांगितलं. "ती गेली तर मला कोण इचारतंय सांगा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला त्याचाही रागच आला.

मिरजेच्या रस्त्याला गाडी चालवून बघितली. पाय तळाला टेकवला तरी ती कण्हत कुथत चालली होती आणि मागून काळ्या धुराचा लोट. टर्बो मेलाय हे पहिल्याच मैलात कळलं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरणारा पंखा. तो आत हवा कोंबतो म्हणून गाडी ओढते. ट्रकचे टर्बो मी कितीतरी सोडवले होते. ह्याची तऱ्हा निराळी होती. पंख्याभोवती एका कडीवर बोटाच्या पेराएवढी पाती होती, खिडकीच्या झडपांसारखी उघडमीट करणारी, आणि त्यांना हलवणारी एक दांडी बाहेर आलेली. ती दांडी बोटानं हलायला हवी. मी दोन्ही हातांनी ओढली तरी ढिम्म.

टर्बो खाली उतरवायलाच दिवस गेला. गंजलेले बोल्ट, हात जाईल तिथं पाना जात नाही, पाना जाईल तिथं डोळा पोचत नाही. जोड उघडण्याआधी दोन्ही भागांवर खुणा केल्या आणि ठोकून वेगळे केले. आत बघितलं आणि खरं सांगतो, नाकाला फडकं लावलं. पाती दिसतच नव्हती. काकवी जळून तळाला लागावी तसा थर, त्यावर ओलसर भुकटी, आणि तो वास. एवढी काजळी दोन लाख किलोमीटर पळालेल्या ट्रकात मी पाहिली नव्हती, आणि ही गाडी तर जेमतेम चाललेली.

"मामा, ही चालवता कशी तुम्ही?"

ते अभिमानानं सांगायला लागले. रोज सकाळी अंघोळ झाली की स्टेअरिंगला उदबत्ती ओवाळायची, गाडी चालू करायची आणि तशीच जागेवर अर्धा तास ठेवायची, पेपर वाचून होईपर्यंत. "बॅटरी बसत न्हाई मग. आमच्या पेढीच्या जीपला आसंच करायचो." बाहेर काढायची ती चतुर्थीला, गणपतीच्या देवळापर्यंत, टॉप गिअरमध्ये, चाळिसाच्या आत. "कवा रेस म्हणून केली न्हाई बघा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मामा, ही गाडी आहे, देवघर नाही. जागेवर गुरगुरत ठेवली की सगळी काजळी इथंच बसते. तुम्ही जपून जपून मारलीत तिला."

"मीच केलं व्हय ह्ये?"

"मग काय शेजाऱ्यानं केलं?"

ते आत गेले आणि जुना दातांचा ब्रश घेऊन आले. दोन दिवस आम्ही दोघं अंगणात बसलो. सुटे भाग रॉकेलमध्ये भिजत घालायचे, पात्यांना चरा पडू नये म्हणून बांबूच्या काडीनं कोरायचं, ब्रशनं घासायचं, परत भिजवायचं. काळं रॉकेल ओतून मी थकलो. सासऱ्यांचा पांढरा सदरा कोपरापर्यंत काळा झाला होता. तांब्याचे वायसर सासूबाईंच्या गॅसवर लाल करून पाण्यात टाकले, म्हणजे नरम होऊन परत बसतात. तिसऱ्या दिवशी दांडी करंगळीनं हलली. सगळं जोडलं, सासऱ्यांना शेजारी बसवलं आणि तासगावच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये पिळून काढली. उरलीसुरली घाण धुरातून गेली. त्यांनी डॅशबोर्ड घट्ट धरला होता आणि ते लहान पोरासारखे हसत होते.

मेहुणा आला. बायकोही माहेरी आली होती. त्यानं गाडी फिरवून आणली आणि जेवायला बसताना म्हणाला, "आबा, नवी कोरी ठेवलीत. दाजी, काहीच काम निघालं नाही?"

"डिझेल भेसळीचं मिळतं इकडं," मी म्हणालो. "जरा साफ केलं, एवढंच."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "डिझेल चांगलं हुतं," ते म्हणाले. "मी रोज जाग्यावर पेटवून ठिवायचो, त्यानं झडपा धरल्या. ह्यांनी दोन दिस घाण उपसली." मग माझ्याकडं असं बघितलं की मी ताटात मान घातली. "पाव्हणं, तुमाला गाडी सोडवायला बोलीवलं हुतं. खोटं वजन सांगायला न्हवं."

ताक वाढून झालं तेव्हा मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, तुम्हीच न्या साताऱ्याला. तुम्हाला तिचं कळतं. आबांचं वय झालं आता."

"मला कशाला," मी म्हणालो. एकदाच म्हणालो. आणि गप्प बसलो.

किल्ली सासऱ्यांनीच आणून दिली, धोतराच्या सोग्यानं पुसून. रिकाम्या अंगणात ते उभे राहिले, आणि आम्ही निघालो.

उंब्रज सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. मी पाय दाबला. टर्बोनं अशी काही ओढ घेतली की पाठ सीटला टेकली, आणि मला आनंद झाला, अगदी पोटातून. बायकोनं काच वर केली. मग म्हणाली, "तुम्ही ठामपणे नाही म्हणाला असतात, तर दादानं आबांकडंच ठेवली असती."

ते मला ताटावरच कळलं होतं. स्वतःची एवढी शिसारी मला त्याआधी कधी आली नव्हती. तरी साताऱ्यापर्यंत मी पाय काढला नाही.