हळदीखालचे वळ

माझी पाठ मी आयुष्यात एकदाच धड पाहिली, तीही राहुरीच्या एका फोटो स्टुडिओत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर. माझी शाळा चौथीपर्यंतची. ते यंत्र कसं चालतं हे मला विचारू नका. काय दिसलं ते सांगतो.

तालुक्याला तेव्हा कॉम्प्युटर नुकतेच आले होते. पाटाच्या पाण्याची पाळी माझी, आणि चुलतभावाच्या थोरल्या पोरानं भर दुपारी पाट फोडून पाणी आपल्या गुरांच्या घासाच्या वाफ्यात वळवलं. मी फावडं टाकलं आणि त्याच्या अंगावर गेलो. दोघं चिखलात पडलो, पोरगा खाली, मी वर. तेवढ्यात चुलतभाऊ आणि त्याचा धाकटा काठ्या घेऊन आले. काठी पाठीवर पडते तेव्हा आवाज आधी येतो, कळ मागून येते. मागं कोण आहे ते मला दिसत नव्हतं. खालच्यानं तोंडावर ढोपर मारलं आणि माझा एक दात त्या चिखलातच राहिला.

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची पिठाची गिरणी पाटाच्या पुलाजवळ. त्यानंच मला ओढून बाहेर काढलं, घरी आणलं आणि माझ्या बायकोकडून हळद मागून स्वतःच्या हातानं पाठीवर थापली, मुठीमुठीनं.

पोलिसांनी किरकोळ भांडण म्हणून लिहून घेतलं. वकील म्हणाला, "वळांचे फोटो आणा, मग बघू." मला त्या तिघांना आत टाकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आमच्यात जखमेवर लावलेली हळद खपली धरेपर्यंत धुवत नाहीत. मीही धुऊ दिली नाही. तशाच पाठीचा फोटो काढला. फोटो धुऊन आला तर पाठ नुसती पिवळट, वळ कुठंच नाहीत. स्टुडिओवाला म्हणाला, "थांबा काका, कॉम्प्युटरवर घेतो. रंग वाढवला की लाल उठून दिसंल."

त्यानं काच असलेल्या यंत्रात फोटो ठेवला. पडद्यावर पाठ आली. त्यानं रंग वाढवला. लाल वाढलं थोडं, पण हळद अशी पेटली की डोळ्यांत घुसावी.

"काका, मार खाल्लाय का लगीन लागलंय तुमचं?"

बाकावर बसलेले दोघं खो खो हसले. मी त्याची मानगूट धरली आणि कपाळ टेबलावर आपटलं. चहाचा पेला फुटला.

"पुन्हा हस."

"सोडा, काका! काढतो रंग, सगळाच काढतो!"

त्यानं रंग पार काढून टाकला. ओल्या फडक्यानं पुसावी तशी हळद गेली. मग त्यानं काळं अजून काळं केलं, पांढरं अजून पांढरं, आणि नांगराच्या तासांसारखे वळ वर आले.

"अजून," मी म्हणालो.

"अजून केलं तर खोटं वाटंल, काका."

"झालंय तेवढंच दाव. पन सगळं दाव."

त्यानं अजून थोडं वाढवलं. आणि उजव्या खांद्याखाली एक वळ दिसला तो काठीचा नव्हता. चार बोटं रुंद, सपाट, आणि त्यावर आडवी टोचल्यासारख्या ठिपक्यांची ओळ. गिरणीचा पट्टा तुटला की लोखंडी दातांची पट्टी ठोकून सांधतात. असा सांधलेला जुना पट्टा भावाच्या गिरणीत खिळ्याला असायचा, पिठात तोंड घालणाऱ्या शेरडांना हाणायला.

फोटो घेऊन जीपनं थेट गिरणीवर गेलो. भाऊ पिठानं पांढरा झालेला. फोटो त्याच्या छातीवर फेकला.

"ह्यो वळ कुनाचा?"

त्यानं गिरणी बंद केली. फोटो उजेडाला धरला.

"माजा."

"सख्खा भाऊ ना रं तू?"

"पोराचा गळा सोडत न्हवतास. डोळे पांढरे झाल्ते त्याचे. चार हाका मारल्या. मग पट्टा मारला."

"आन् हळद? झाकायला थापलीस?"

"जखमंला लावली. झाकलं आसंल तर बरंच झालं. तुजंच झाकलं."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. नाकातलं रक्त पिठात पडलं. त्यानं हात उचलला नाही. रक्ताळलेलं पीठ ओंजळीनं काढून बाहेर टाकलं आणि म्हणाला, "कोर्टात विचारलं तर हेच सांगंन."

पोराचा गळा माझ्या हातात होता, हे मला ठाऊक होतं. सोडणार होतो. कधी, ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो काळापांढरा फोटो वकिलाच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, "हा वळ तेवढा कापून टाकू. बाकीचे तिघांवर घालू."

"कापायचं न्हाई. चौथं नाव भावाचं लिवा."

"अहो, मग तो बोलेल. गळ्याचं निघेल. ते तिघं राहतील बाहेर, तुम्हीच आत जाल."

"जाईन. जेवढं पाठीवर हाय तेवढं कागदावर पायजे."

त्यानं पेनाला टोपण लावलं आणि फोटो माझ्याकडं सरकवला. मी तो उचलला आणि दुसरा वकील गाठला.