लूमच्या आवाजाकडे कान

आमच्या नारपोलीच्या शाळेतले विज्ञानाचे सर कॉम्प्युटर लावण्याआधी हात रुमालाला पुसत. सातवीला इंटरनेटवरचे धडे दाखवायचे, असं वरून ठरलं होतं. मी कॉम्प्युटर शिकवणारी, म्हणून मदतीला बसे. मशीन बिघडलं तर आपल्यावर येईल, या धास्तीने ते माऊस दोन बोटांनीच धरत आणि तासभर बाहेरच्या कारखान्यांतल्या कापड विणणाऱ्या लूमच्या आवाजाकडे कान लावून असत. लूम थांबले म्हणजे लाईट गेली.

एकदा पडद्यावर धडधडणारं हृदय आलं आणि लूम थांबले. पडदा काळा झाला.

"मॅडम, मी काय दाबलं नाय हां," ते पुटपुटले. मग हसून त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीपुढे मनगट धरलं. "नाडी मोज माझी."

तिने बोटं ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, इतकी पळतेय, मोजताच येत न्हाय."